प्लॅन कुठे मोडेल ते आधीच शोधा: नाशिकमधल्या नवख्या प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरसाठी

अंबड-सातपूरच्या कारखान्यात, सिन्नरच्या एमआयडीसीत किंवा दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या पॅकहाऊसवर पहिल्यांदाच एखादं काम तुमच्या नावावर आलं असेल, तर हातात बहुधा एक एक्सेल शीट असेल. डावीकडे कामं, उजवीकडे तारखा. त्यातली प्रत्येक तारीख "सगळं ठीक चाललं तर" या अटीवर उभी असते आणि ती अट शीटमध्ये कुठेच लिहिलेली नसते. काम सुरू होण्याआधीच प्लॅन कुठे मोडेल हे कसं शोधायचं, मोडला तर काय करायचं आणि ते नेमकं कधी करायचं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. "आपल्याकडे प्लॅन बी आहे" असं मीटिंगमध्ये सगळेच म्हणतात. पण त्याला तारीख आणि माणूस जोडलेला नसेल, तर ऐन वेळी तो उपयोगाला येत नाही. तो कसा जोडायचा, यावर या लेखाचा सगळा भर आहे.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला द्राक्षासाठी पॅकहाऊस उभं करायचं आहे: शेड, प्री-कूलिंगच्या खोल्या, कोल्ड स्टोरेज, वीजजोडणी, जनरेटर. तोडलेली द्राक्षं सहा-आठ तासांत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणायची आणि पुढे शून्य अंशाजवळ ठेवायची. त्यासाठी यंत्रणा १० जानेवारीला चालू हवी. ही मुदत छाटणीने ठरवलेली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेलीला कात्री लागली की साधारण चार महिन्यांत घड काढणीला येतो, आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर आला नाही म्हणून तो थांबत नाही.

पायरी १: यादी सोडा, झाड काढा

मोठा ड्रॉइंग पेपर घ्या. डाव्या टोकाला ध्येय लिहा: "१० जानेवारीला पहिला माल थंड खोलीत." त्यातून मुख्य फांद्या काढा: बांधकाम, इन्सुलेशनचे पफ पॅनेल, कूलिंगची यंत्रणा, वीज, माणसं, परवाने आणि मान्यता, पैसा. प्रत्येक फांदी तोडत जा आणि जिथे एका माणसाचं नाव घेऊन "हे तुझं काम" म्हणता येईल तिथे थांबा. दोन-तीन पातळ्या पुरतात. कागद साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा, लॅपटॉपमध्ये कोंडू नका. भिंतीवरच्या कागदावर मुकादम बोट ठेवतो, लॅपटॉपच्या फाइलवर ठेवत नाही.

पायरी २: प्रोजेक्ट फसलाय असं धरून बोला

या पद्धतीला प्री-मॉर्टेम म्हणतात. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ती मांडली. "काय चुकू शकतं?" असं विचारलं की लोक सावध आणि गुळगुळीत उत्तरं देतात. म्हणून प्रश्नच बदलायचा. सगळ्यांना बसवा आणि सांगा: "आज १५ फेब्रुवारी आहे. आपलं पॅकहाऊस वेळेत सुरू झालं नाही. सभासदांचा माल दुसऱ्यांच्या दारात नेऊन मिळेल त्या भावाला द्यावा लागला. हे असं का झालं, ते पाच मिनिटांत लिहा." घटना घडून गेली आहे असं धरलं की माणसाला कारणं जास्त आणि नेमकी सुचतात. क्लाइन यांनी आधार घेतलेल्या १९८९ च्या एका संशोधनात पुढच्या घटनेची कारणं ओळखण्याची क्षमता यामुळे ३० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं होतं.

आपल्याकडे या पद्धतीची गरज जास्तच आहे. "वास्तू तथास्तु म्हणते, अभद्र बोलू नये" हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यात भूमिपूजनाचा नारळ नुकताच फुटलेला असतो आणि चेअरमन समोर बसलेले असतात. अशा वेळी "ट्रान्सफॉर्मर येणार नाही" असं कोण म्हणणार? "फसलाय, आता का ते सांगा" म्हटलं की कारण सांगणारा माणूस अपशकुनी ठरत नाही.

तीन गोष्टी पाळा. आधी सगळ्यांनी लिहायचं, मग बोलायचं. एका फेरीत प्रत्येकाने एकच कारण वाचायचं आणि कागद रिकामा होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. चेअरमन, मालक किंवा सर्वांत वरिष्ठ साहेबांनी शेवटी वाचायचं. बोलावताना फक्त इंजिनीअर बोलावू नका. लेबर मुकादम, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर, जुन्या पॅकहाऊसवर सीझन काढलेली एखादी पॅकिंगवाली ताई, असे लोक खोलीत हवेत. ज्याला लिहायची सवय नाही त्याचं तुम्ही लिहून घ्या.

"समन्वयाचा अभाव", "वेळेचं नियोजन चुकलं" अशी उत्तरं आली की तिथेच थांबवा. कुणाचं, कोणतं काम, कोणत्या आठवड्यात? "पॅनेल बसवणारी टोळी दिवाळीला गावी गेली ती छठनंतरही आली नाही" हे उत्तर कामाचं, कारण त्यावर काही करता येतं. उत्तर प्रदेश-बिहारच्या कारागिरांसाठी छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीच्या साधारण दीड महिना आधी मुकादमाला "परतीची तिकिटं काढली का?" एवढं विचारलं तरी नोव्हेंबरचं चित्र बऱ्यापैकी कळतं.

पायरी ३: फांदीफांदीवर "इथे काय अडेल?"

प्री-मॉर्टेममधून कारणांचा ढीग मिळतो. तो झाडावर जागच्या जागी बसवायची पद्धत जपानमधून आली. तिचं लांबलचक नाव प्रोसेस डिसिजन प्रोग्राम चार्ट, कारखान्यात सगळे पीडीपीसी म्हणतात. टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक जिरो कोन्दो यांनी १९६८ मध्ये तिथल्या विद्यार्थी आंदोलनाच्या काळात ती तयार केली. समोरचा काय करेल याचा नेम नव्हता, आणि प्रत्येक शक्यतेसाठी पुढची चाल आधी ठरवून ठेवायची होती. पुढे गुणवत्ता नियंत्रणाच्या सात नव्या साधनांमध्ये तिला जागा मिळाली.

करायचं असं: झाडाच्या शेवटच्या प्रत्येक फांदीपाशी थांबा आणि तीन प्रश्न विचारा. हे काम झालंच नाही तर? उशिरा झालं तर? झालं, पण चुकीचं झालं तर? जे उत्तर येईल ते फांदीच्या पुढे ढगासारख्या आकारात लिहा. ढगाखाली उपाय लिहा. उपाय जमण्यासारखा असेल तर गोल, नसेल तर फुली. फुली मारलेला उपाय खोडू नका. पुढच्या मीटिंगमध्ये तोच उपाय कुणीतरी नव्याने सुचवतो, तेव्हा फुली दाखवता येते.

विजेची फांदी जवळून पाहू. महावितरणकडे अर्ज, लोड मंजुरी, एस्टिमेट, पैसे भरणं, लाइन आणि ट्रान्सफॉर्मरचं काम, विद्युत निरीक्षकाची तपासणी, मीटर, आणि शेवटी चार्जिंग, म्हणजे लाइनमध्ये वीज सोडणं. एक्सेलमध्ये या सगळ्याची एकच ओळ असते: "वीजजोडणी, ४५ दिवस." फांदीवर मांडलं की आठ कामं दिसतात आणि प्रत्येकाचा ढग वेगळा निघतो. लोड मंजूर झाला, पण मागितला त्यापेक्षा कमी. ट्रान्सफॉर्मर आला, पण खांबांची लाइन शेजाऱ्याच्या बागेवरून जाते आणि त्याची हरकत आहे. तपासणी झाली, पण अर्थिंगमध्ये त्रुटी निघाली आणि दुसरी तारीख घ्यावी लागली. शेजाऱ्याच्या ढगाखाली पहिला उपाय "लाइन रस्त्याकडेने फिरवणे" असा आला. खांब वाढतात, खर्च वाढतो, पण जमतं: गोल. दुसरा उपाय "ग्रामपंचायतीने मध्यस्थी करावी" असा आला. करून पाहायला हरकत नाही, पण त्यावर तारीख टांगता येत नाही: फुली. आणि मग कुणीतरी म्हणतं, "त्याला आत्ताच, अर्ज करण्याआधी भेटून का येत नाही?" पीडीपीसीचा खरा फायदा हा आहे. अर्धे ढग उपायापर्यंत पोचतच नाहीत. ते दिसले की मूळ प्लॅनच बदलतो.

पायरी ४: सगळ्या ढगांमागे धावू नका

कागदावर पन्नास ढग असतील तर पन्नास पर्याय तयार ठेवणं शक्य नाही. निवडण्यासाठी सातपूर-अंबडच्या ऑटो कंपन्यांत रोज वापरलं जाणारं एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय हे मोजायचं तंत्र, उपयोगी पडतं. हे तंत्र १९४९ साली अमेरिकी सैन्याच्या एका कार्यपद्धतीतून आलं. प्रत्येक बिघाडाला १ ते १० मध्ये तीन गुण द्यायचे: परिणाम किती गंभीर, घडण्याची शक्यता किती, आणि वेळेत लक्षात न येण्याची शक्यता किती. तिन्हींचा गुणाकार करायचा.

फ्लोअरच्या काँक्रीटवर परतीचा पाऊस पडणं: गंभीरता ५, शक्यता ६, आणि पाऊस तर डोळ्यांनी दिसतोच, म्हणून २. गुणाकार ६०. वीज गेल्यावर जनरेटर लोड न घेणं: गंभीरता ९, शक्यता ४, आणि ज्या रात्री वीज जाईल त्या रात्रीपर्यंत कळणारच नाही, म्हणून ८. गुणाकार २८८. मीटिंगमध्ये अर्धा तास पावसावर बोलणं होतं आणि जनरेटरवर कुणी बोलत नाही, हे या दोन आकड्यांतून लगेच दिसतं. गुणाकाराच्या आहारी मात्र जाऊ नका. ९×२×२ आणि २×९×२ दोन्ही ३६ होतात, पण पहिल्यात माणूस जखमी होऊ शकतो आणि दुसऱ्यात फक्त रोजची कटकट आहे. या कारणासाठीच ऑटो क्षेत्राने २०१९ च्या हँडबुकमध्ये गुणाकार सोडून गंभीरतेला आधी पाहणारा तक्ता स्वीकारला. गंभीरता ९ किंवा १० असेल तर बाकीचे आकडे काहीही असोत, तो ढग वर घ्या.

कालावधीचेही तीन अंदाज घ्या. वीजजोडणी सगळं सुरळीत झालं तर ३० दिवस, बहुधा ४५, वाईटात वाईट १२०. पर्ट या नियोजनाच्या पद्धतीचं सूत्र आहे: पहिला अधिक चार वेळा मधला अधिक शेवटचा, भागिले सहा. उत्तर ५५. म्हणजे शीटमधला ४५ चा आकडा पहिल्याच दिवशी दहा दिवसांनी कमी आहे. आणखी एक हिशेब नवख्या माणसाने एकदा स्वतः करून पाहावा. एकामागून एक पाच कामं आहेत आणि प्रत्येक वेळेत होण्याची शक्यता ९० टक्के आहे. पाचही वेळेत होण्याची शक्यता? ०.९ पाच वेळा गुणा: ५९ टक्के. प्रत्येक ठेकेदार खरं बोलत असूनही प्रोजेक्ट लांबतो, तो असा.

पायरी ५: पर्यायही त्याच कारणाने कोसळेल का?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. बहुतेक पर्याय कागदावर छान दिसतात आणि मूळ योजना ज्या दिवशी पडते त्याच दिवशी तेही पडतात.

"वीज वेळेत आली नाही तर भाड्याचा जनरेटर आणू." चांगलं. पण जानेवारीत पिंपळगाव, मोहाडी, वणी, सगळीकडे सीझन एकाच वेळी सुरू होतो. वीज रखडलेला प्रत्येक जण त्याच दोन-चार पुरवठादारांना फोन करणार. "आपलं कोल्ड स्टोरेज तयार नसेल तर शेजारचं भाड्याने घेऊ." त्यांचंही त्याच आठवड्यात भरलेलं असणार. "मुंबईहून रीफर (आतून थंड ठेवणारा) कंटेनर मागवू आणि माल त्यात ठेवू." तो कसारा घाट चढून येणार. ज्या स्पेअर पार्टसाठी तुमचं काम अडलंय तो पार्टही त्याच घाटात अडकलेला असेल, तर दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत. शिवाय २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. क्रेन, रेडीमिक्स, लोखंड बांधणारी माणसं पर्याय म्हणून लिहीत असाल, तर ती कुंभाच्या कामांवर गुंतलेली नाहीत ना, हे आधी फोन करून विचारा.

म्हणून प्रत्येक गोलावर परत एकदा प्रश्न टाका: मूळ योजना ज्या कारणाने मोडली, त्या कारणाचा या पर्यायावर काय परिणाम होईल? उत्तर "तोच" असेल तर गोलाची फुली करा. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड आणि आसपासच्या भागात गारपीट झाली तेव्हा एका गावाचाच नव्हे, शेजारच्या गावांचाही माल गेला. पॅकहाऊसला माल कमी पडला तर "शेजारच्या गावातून घेऊ" हा पर्याय अशा वेळी पर्याय राहत नाही. वेगळ्या पट्ट्यातला, म्हणजे कदाचित सांगलीकडचा पुरवठादार आधीच बोलून ठेवावा लागतो.

पायरी ६: निर्णयाची तारीख ठरवा

रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना ओळखीचा आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण गोदाकाठचे दुकानदार बघतात ते पाणी मारुतीच्या कुठवर आलं ते. गुडघा, कमर, छाती. कुठल्या खुणेला टपरी हलवायची आणि कुठल्या खुणेला सराफ बाजार, भांडी बाजारातला माल वर चढवायचा, हे पूर येण्याआधीच ठरलेलं असतं. खूण सगळ्यांना दिसते, तिच्यावर वाद घालता येत नाही आणि ती माल हलवायला वेळ शिल्लक असताना दिसते. तुमच्या प्रत्येक पर्यायाला अशी खूण हवी.

ती काढायचा हिशेब मुदतीपासून उलटा करा. जनरेटर ५ जानेवारीला चालू हवा. भाड्याने मिळायला १५ दिवस, केबल आणि पॅनेलला ५, चाचणीला ३: एकूण २३ दिवस. म्हणजे १३ डिसेंबर. त्यात एक आठवडा हाताशी ठेवा. निर्णयाची तारीख ६ डिसेंबर. कागदावर असं लिहा: "६ डिसेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत ट्रान्सफॉर्मर साइटवर उतरलेला नसेल तर जनरेटर बुक करायचा." "उतरलेला" लिहा. "येण्याच्या मार्गावर", "साहेबांशी बोलणं झालंय", "उद्या नक्की" यातलं काहीही उतरणं नाही. ६ डिसेंबरला तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल की आणखी चार दिवस थांबू. तेव्हा थंड डोक्याने लिहिलेली ही ओळ तुमच्या बाजूने उभी राहील, म्हणून ती सगळ्यांच्या सहीने लिहून घ्या.

त्या ओळीपुढे एकाचं नाव टाका. समितीचं नाव टाकू नका. आणि त्या माणसाला त्या रकमेपर्यंत खर्च करायचा अधिकार आधीच ठराव करून द्या. संचालक मंडळाच्या मीटिंगची वाट बघण्यात निर्णयाची तारीख उलटून गेलेली मी अनेक साइटवर पाहिली आहे.

पायरी ७: पैसा

प्रशिक्षणात शिकवतात: शक्यता गुणिले खर्च. जनरेटरची गरज पडण्याची शक्यता ३० टक्के, खर्च ४ लाख, म्हणजे १ लाख २० हजार बाजूला ठेवा. मोठ्या कंपनीत शंभर प्रोजेक्ट चालू असतील तर हा हिशेब बरोबर बसतो. तुमचा प्रोजेक्ट एकच आहे. गरज पडली तर ४ लाखच लागतील, सव्वा लाखात काम होणार नाही. म्हणून छोट्या संस्थेने सर्वांत महाग दोन पर्याय एकत्र पडले तर किती लागतील ते बघावं आणि तेवढी रक्कम रोख नसेल तर बँकेच्या कॅश क्रेडिटमध्ये मोकळी आहे का ते आधी तपासावं. कधीकधी थोडे पैसे आत्ता देऊन पर्याय राखता येतो. पुरवठादाराला टोकन देऊन ६ डिसेंबरपर्यंत जनरेटर अडवून ठेवणं हा त्यातलाच प्रकार. ते टोकन बुडालं तर वाया गेलं असं समजू नका, तो विमा होता.

जिथे पर्याय चालत नाही

काही बिघाडांसाठी "झालं तर बघू" हा मार्गच बंद ठेवावा लागतो. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. अशा गोष्टीला झाल्यावर करायचा उपाय नसतो, ती होऊच नये म्हणून रस्ता, गर्दी, वेळ आधी आखावी लागते. तुमच्या साइटवर उंचीवरचं काम, क्रेनखाली माणसं, उघडी केबल, आणि यंत्रणा अमोनियावर चालणारी असेल तर गळती, हे ढग वेगळ्या लाल पेनने लिहा. त्यांच्याखाली फक्त प्रतिबंध लिहायचा. तो पूर्ण झाल्याशिवाय पुढची फांदी सुरू करायची नाही, मग मुदत गेली तरी चालेल.

पायरी ८: करून बघा

न वापरलेला पर्याय म्हणजे अंदाजच. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आत माल नसताना, रात्रीच्या वेळी मेन स्विच पाडा. जनरेटर कुणी सुरू केला? किल्ली कुणाकडे होती? डिझेल किती होतं? कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो, तो धक्का जनरेटरने पेलला का, की ट्रिप झाला? किती मिनिटांत खोली पुन्हा थंड व्हायला लागली? घड्याळ लावून आकडा काढा आणि भिंतीवरच्या कागदावर विजेच्या फांदीशेजारी लिहा.

तो कागद दर सोमवारी पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बघायचा. त्या आठवड्यात कुठली निर्णयाची तारीख येते, कुठला ढग निघून गेला, कुठला नवीन आला, एवढंच. ढग निघून गेला की त्यावर तारीख टाकून रेघ मारा. खरंच घडलेल्या ढगापुढे प्रत्यक्षात किती दिवस लागले ते लिहा. सीझन संपला की मार्चअखेर कागदाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी दुसरी खोली बांधायला घ्याल, तेव्हा वीजजोडणीच्या तीन अंदाजांपुढे लिहायला तुमच्याकडे तुमच्याच तालुक्याचे आकडे असतील.